बेल्ट जारतैति

माझं लग्न झालं तेव्हा सासरी चार लोकांना दाखवण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या. एक अंगणातला फणस आणि दुसरा नवरा. वर्षभरानं जीप आली आणि नवऱ्याकडं बघायला कुणाला वेळ उरला नाही, त्याला स्वतःलासुद्धा नाही. स्वतः दोन दिवसांनी आंघोळ करायचा, जीपला मात्र रोज घालायचा.

जीप बेळगावहून आली. आधी तिचे दोन मालक होऊन गेले होते. तिसऱ्यांदा नांदायला येऊन सासूबाईंकडून दारात ओवाळून घेतलेली आमच्या घराण्यातली ती पहिलीच. मी पहिल्यांदाच नांदायला आले होते, तरी मला उंबऱ्याबाहेर किती वेळ उभी केली होती ते मी विसरले नव्हते. जीपला मात्र लगेच कुंकू, लगेच नारळ, आणि वर सासूबाईंची ताकीद, ‘तिला पायानं शिवू नका गं कुणी.’ आता जीप पायानं न शिवता चालवायची कशी, हे विचारायची माझी तेव्हा हिंमत नव्हती.

नव्वद सालाच्या अलीकडं-पलीकडची ही गोष्ट. आमचं गाव जोयड्याच्या आत, बाजारकुणंगच्या वाटेला, रानात. सकाळी एक बस आणि संध्याकाळी एक, तीही आली तर. नवरा गाव ते जोयडा फेऱ्या मारायचा. पुढं चौघं, मागं दहा, वर कोंबड्या आणि तांदळाची पोती. मी रोज सकाळी पुढच्या सीटवर असायची, कारण जोयड्यात मी बायकांना शिवण शिकवायला जात होते. एका खोलीत चार मशिनी आणि अकरा बायका, त्यातल्या निम्म्या शिवायला यायच्या आणि निम्म्या सासूपासून दोन तास सुटका म्हणून. मी शिकवणारी असले तरी दुसऱ्या निम्म्यातच मोडायची.

जीपमध्ये ड्रायव्हरच्या समोर घड्याळासारख्या काचा होत्या आणि त्यातली एकही चालत नव्हती. वेगाचा काटा कायम चाळीसवर, गाडी अंगणात उभी असली तरी. डिझेलचा काटा कायम अर्ध्यावर, म्हणून नवरा टाकीत बांबूची काठी बुडवून बघायचा. सगळ्या डॅशबोर्डावर जिवंत असा एकच प्राणी होता, तो म्हणजे डाव्या बाजूचा एक लाल दिवा. हरभऱ्याच्या डाळीएवढा. आधीच्या मालकानं किल्ली देताना सांगितलं होतं, ‘किल्ली फिरवली की हा लागतो. इंजिन उठलं की विझतो. गाडी चालताना पुन्हा लागला तर मात्र बघा.’ काय बघा, ते त्यानं सांगितलं नाही. आणि आमच्या नवऱ्यानं विचारलं नाही, कारण विचारलं तर आपल्याला कळत नाही हे समोरच्याला कळतं.

श्रावणात तो दिवा लागला.

गावातून निघालं की पाऊण मैलावर व्हाळ, म्हणजे ओढा, लागायचा. पूल नव्हता, नुसती फरशी, पावसाळ्यापासून मार्गशीर्षापर्यंत तिच्यावरून गुडघ्याखाली पाणी वाहायचं. नवरा तिथं जीप जरा जोरातच घालायचा, दोन्हीकडून पाण्याचे पंखे उडवत, मागच्या बायका किंचाळल्या की खूश व्हायचा. फरशी ओलांडून गाडी चढाला लागली आणि माझ्या डोळ्यांसमोर तो दिवा लालभडक झाला. बॉनेटच्या आतून मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज आला. नवऱ्यानं गाडी थांबवली. आम्ही सगळ्यांनी दिव्याकडं बघितलं, मालकानं तेवढंच सांगितलं होतं. मग बघून झालं आणि सगळ्यांनी वर बघितलं.

वर बांधावर थोरली उभी होती.

थोरली म्हणजे सासूबाईंची मोठी जाऊ. तिला सगळं गाव थोरलीच म्हणायचं, मीही समोर ‘थोरली आत्ती’ म्हणायची आणि मागं नुसतं थोरली. विधवा, मूलबाळ नाही, जीभ मात्र दोन मुलं पोसेल एवढी. वाटणी झाली तेव्हा ती व्हाळापलीकडच्या शेतात घर बांधून राहायला गेली. अंगणातला तो फणस तिनं लावलेला होता आणि वाटणीत तो आला सासूबाईंकडं. त्यावरून दोघी जावांचं बोलणं बंद झालं ते माझ्या लग्नातही सुरू झालं नाही. थोरलीनं मला साडी नेसवली आणि सासूबाईंच्या देखत म्हणाली, ‘पोरी, फणस लई ग्वाड हाय. मिळाला तर खा.’

तर ती बांधावर उभी होती, कपाळावर हात आडवा धरून आमच्याकडं टक लावून बघत होती. तिच्या डाव्या डोळ्यात ताकासारखं पांढरं उतरलं होतं. नवऱ्यानं घाईघाईनं गाडी काढली. फर्लांगभर पुढं गेल्यावर दिवा आपोआप विझला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फरशी, चढ, दिवा, थोरली. तिसऱ्या दिवशीही. संध्याकाळी परत येताना आधी थोरलीचं घर लागायचं आणि मग व्हाळ. येताना दिवा तिचं घर ओलांडून, पाण्यातून बाहेर पडल्यावर, आमच्या बाजूला लागायचा. आता हे वाचणाऱ्याला लगेच कळेल की जाताना काय, येताना काय, दिवा लागण्याआधी दर वेळी पाणी होतं. आम्हाला मात्र दर वेळी थोरलीच होती. जाताना तिच्या दारात लागतो आणि येताना तिचं दार ओलांडलं की लागतो, यापेक्षा आणखी पुरावा काय हवा? एकदा बाजारकुणंगकडं दुसऱ्या ओढ्यावर दिवा लागला, तिथं थोरली काही नव्हती. मी तसं नवऱ्याला म्हटलंही. तो म्हणाला, ‘आगं, ते गाडीला लागलंय. वाटंला न्हवं.’ मी खानापूरकडची, दहावी पास, माहेरी असल्या गोष्टींना हसणारी. पण दिवा खरोखर लागत होता. हसायचं म्हटलं तरी तो समोर लालभडक.

श्रावण सरता सरता सासूबाईंचा गुडघा दाखवायला आम्ही दांडेलीला गेलो, आणि नवऱ्यानं जीपही मिस्त्रीला दाखवायची ठरवली. मिस्त्री हुबळीकडचा, कानडी बोलणारा, मराठी त्याला समजायची पण तोंडातून यायची नाही. नवऱ्यानं दिव्याची हकिगत सांगितली आणि स्टेपनीचं पंक्चर काढायला कोपऱ्यावर गेला. मी गुडघ्याच्या गोळ्या आणायला दुकानात. सासूबाई गाडीतच बसून होत्या. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, आत अंगठा दाबून बघितला, त्यांना काहीतरी सांगितलं, बॉनेट बंद केलं आणि दुसऱ्या एका गाडीखाली शिरला. तिचं इंजिन त्यानं सगळं खोलून ठेवलं होतं. आमचं काम उद्यावर, अशी खूण त्यानं हातानं केली म्हणे.

आम्ही परत आलो तेव्हा सासूबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

‘काय म्हणाला?’ नवऱ्यानं विचारलं.

‘चल तू आधी हितनं.’

‘आव्वा, म्हणाला काय त्यो?’

सासूबाईंनी आवाज खाली घेतला. ‘जारण हाय म्हणाला. पाण्यातनं जारण. दोनदा म्हणाला. आणि गाडीला हात न्हाई लावला रे त्येनं, बिचारा लगीच खाली जाऊन लपला.’

नवऱ्याला कानडी माझ्यापेक्षाच काय, गावच्या पाटलापेक्षाही चांगलं येत होतं. मिस्त्री दहा पावलांवर होता, त्याचे पाय गाडीखालून बाहेर आलेले दिसत होते. जाऊन विचारायला काय हरकत होती? पण तो पायांकडं बघत राहिला आणि मग किल्ली फिरवली. मला वाटतं, त्याला बरंच वाटलं. बिघाड म्हटला असता तर तो त्याचा होता. जारण, म्हणजे कुणाची तरी करणी, म्हटल्यावर तो दुसऱ्याचा झाला.

त्या दिवसापासून आमच्या घरात ‘केलंय’ हे क्रियापद एकटंच फिरायला लागलं. कुणी केलंय, काय केलंय, काही नाही. नुसतं केलंय. सासूबाई विहिरीवर म्हणाल्या, विहिरीवरून ते गिरणीत गेलं, गिरणीतून पीठ घेऊन घरोघर. थोरलीच्या घरी ताक न्यायला येणाऱ्या बायका यायच्या बंद झाल्या. चवथीला तिच्या गणपतीसमोर आरतीला माणूस नव्हतं. मी हे सगळं ऐकत होते आणि जोयड्याला जाऊन बायकांना काजं करायला शिकवत होते.

आणि जीप तिच्या दारात थांबायची बंद झाली. आधी थांबायची म्हणजे काय, वाटेवर जो हात करेल त्याला घ्यायचं, हाच तर धंदा. थोरली रोज सकाळी बांधावर येऊन उभी राहायची आणि हात करायची. नवरा ॲक्सिलरेटर दाबायचा. मी पुढच्या सीटवर, तिच्या बाजूला. तिचा वर केलेला हात मला दिसायचा. तिचं तोंडही दिसायचं, गाडीच्या आवाजाच्या दिशेनं वळलेलं, पण नजर आमच्यापेक्षा जरा मागं लागलेली. मी दिव्याकडं बघायची. दिवा लागलेलाच असायचा, त्यामुळं मला बरं वाटायचं.

दिवाळीनंतर दांडेलीत डोळ्यांचं शिबिर होतं. जोयड्यात भिंतीवर कागद लागला होता, मीच वाचला होता. थोरलीला कुणी सांगितलं कोण जाणे. शिबिराच्या आधीचे चार दिवस ती बांधावर नाही, थेट रस्त्यात येऊन उभी राहिली. हातात पिशवी. एक दिवस नवऱ्याला गाडी हळू करावी लागली, नाहीतर अंगावरच गेली असती. तिनं दोन्ही हातांनी दाराची कड धरायचा प्रयत्न केला. ‘कोण हाय गं म्होरं? धाकटीची सून हाय व्हय?’ तिनं विचारलं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. मी बोलले नाही. नवऱ्यानं गाडी वळवून पुढं काढली आणि मागची एक बाई म्हणाली, ‘बघितलासा? गाडीला हात लावायला बघत होती.’ शिबिर झालं, कागद भिंतीवरून निघाला.

सासूबाईंना जारण उतरवल्याशिवाय चैन नव्हतं. मार्गशीर्षात त्यांनी घाडी आणला. घाडी म्हणजे आमच्याकडं देवाला गाऱ्हाणं घालणारा. माणूस चांगला, पण आयुष्यभर त्यानं गाई, म्हशी आणि सुना एवढ्यांवरचंच उतरवलं होतं, जीप त्याला नवीन. त्यानं आधी विचारलं, ‘हिचं त्वांड कुठलं?’ नवऱ्यानं बॉनेट उघडलं. घाडीनं आत बघितलं, जरा दचकला, आणि म्हणाला, ‘खोल हाय.’

मग त्यानं गाऱ्हाणं घातलं. नारळ फोडून त्याचं पाणी इंजिनावर शिंपडलं. वाटीभर खोबरेल तेल मंत्रून चारी बाजूंनी ओतलं. कोंबडा चाकाभोवती फिरवला, त्याचं पुढं काय झालं ते नवऱ्याच्या ढेकरेवरून संध्याकाळी कळलं. लिंबू-मिरच्या आतल्या बाजूला कुणी बांधायच्या, तर घरच्या लक्ष्मीनं. घरची लक्ष्मी म्हणजे मी. मी गाठ मारली, शिवणवालीची पक्की गाठ, दुहेरी दोऱ्याची. हे मी पुन्हा सांगते, म्हणजे लिहिताना माझं मलाच चुकवता येणार नाही. गाठ मी मारली.

नवऱ्यानं किल्ली फिरवली. इंजिन उठलं, पंख्यानं लिंबू आत ओढलं, मिरच्यांचा बारीक चुरा सगळ्या अंगणावर उडाला, आणि दिवा लागला. अंगणात, उभ्या गाडीत. विझेचना. सगळे खोकत होते, शिंकत होते, घाडीचे डोळे लाल. सासूबाई नाक पुसत म्हणाल्या, ‘बघा, खवळलंय.’

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चौदा माणसं घेऊन निघाली आणि जोयड्याच्या अलीकडच्या चढावर तिनं वाफ सोडली. पाणी उकळून बाहेर आलं, बॅटरी मेली, हॉर्नसुद्धा वाजेना. माणसं उतरून आपापल्या वाटेनं चालू लागली. नवरा रस्त्याच्या कडेला बसला आणि पहिल्यांदाच मला म्हणाला, ‘आता काय करू गं?’ त्या क्षणी मला तो जीप आल्यापासून पहिल्यांदा माझा नवरा वाटला. मी म्हटलं, ‘मिस्त्रीकडं चला. आणि ह्या वेळी मी तिथनं हलणार न्हाई.’

एका ट्रकला बांधून दांडेलीला नेली. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, वास घेतला, आणि आमच्याकडं असं बघितलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. आत खोबरेल तेल, मिरच्यांच्या बिया आणि माझा दुहेरी दोरा. दोरा त्यानं चिमटीत धरून वर उचलला. मग तेलकट झालेल्या एका रबरी पट्ट्यावर अंगठा दाबला. पट्टा आत लवलवला.

‘बेल्ट जारतैति,’ तो म्हणाला. ‘आवत्ते हेळिद्दे, अव्वगे. नीर बिद्र जारतैति.’

नवऱ्याचा चेहरा पडला. मला कानडी बाजारापुरतं येतं, पण तेवढंही पुरे होतं. नीर म्हणजे पाणी. जारणं म्हणजे घसरणं. पावसात निसरड्यावरून पाय जारतो तसा. म्हणजे मिस्त्री म्हणत होता, त्या दिवशीच सांगितलं होतं मी तुमच्या आईला, बेल्ट घसरतोय, पाणी पडलं की घसरतोय. सासूबाईंनी पाणी बरोबर ऐकलं होतं. जारणंही बरोबर ऐकलं होतं. बेल्ट हा शब्द इंग्रजी, तो आपल्याला उद्देशून नसेल म्हणून त्यांनी सोडून दिला होता.

मी मिस्त्रीला म्हटलं, मला दाखव. त्यानं दाखवलं. इंजिन हा पट्टा फिरवतं, पट्टा डायनामो फिरवतो, डायनामो बॅटरी भरतो. पट्टा ढिला असला आणि वर ओला झाला की तो जागच्या जागी घसरतो, किंचाळतो, डायनामो फिरत नाही. डायनामो फिरेना की लाल दिवा लागतो. वाळला की पुन्हा धरतो, दिवा विझतो. तेलानं मात्र वाळायचा प्रश्नच उरला नव्हता. त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप आणि पंखा, म्हणून गाडी उकळली. दिव्याला थोरली माहीत नव्हती, व्हाळ माहीत नव्हता, काही माहीत नव्हतं. वीज येईना, एवढंच तो बिचारा सांगत होता.

आणि मी कोण? शिवणवाली. वर्गात पायमशिनीचा चामडी पट्टा ढिला झाला की चाक फिरतं आणि सुई हलत नाही, हे मी नव्या बायकांना पहिल्या दिवशी शिकवायची. पट्टा कापायचा, आकडा घट्ट करायचा, खडू घासायचा. चार महिने मी हे शिकवत राहिले आणि रोज त्याच वाटेनं एका म्हातारीकडं न बघता गेले. मला हसू आलं, आणि हसता हसता मी रस्त्यात बसून रडले. मिस्त्रीला वाटलं पैशासाठी रडते, तो म्हणाला, ‘हेच्च अल्ल अक्का, सण्ण केलस.’ जास्त नाही अक्का, छोटं काम आहे. नवा पट्टा घालून, पहारीनं डायनामो मागं रेटून, दोन नट आवळले. तुम्ही बिडी ओढून संपवाल तेवढ्या वेळात झालं.

घरी आल्यावर नवऱ्यानं आईला सांगितलं. तो कानडी शब्द मराठीत, मराठी शब्द कानडीत करून तीनदा सांगितला. सासूबाई ऐकून घेत होत्या, तांदूळ निवडत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘मग तसं सांगायचं की त्या मेल्यानं नीट.’ त्यांनी तेवढंच म्हटलं. पण त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

थोरलीकडं मीच गेले. ओट्यावर बसली होती, कोकमाच्या साली चाचपून बघत होती. मी सगळं सांगितलं. दिवा, पट्टा, डायनामो, पाणी, मिस्त्री, जारतैति. सांगताना मला वाटत होतं ती आता जीभ सोडेल, आणि मला ते हवंच होतं. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, ‘मी रोज हात करत हुतो गं.’ आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःला पुरुषासारखं ‘करत हुतो’ म्हणतात. ‘मला वाटलं, तुमास्नी दिसत न्हाई. मला दिसत न्हाई, तसं तुमास्नीबी.’

सगळं गाव म्हणत होतं थोरलीनं केलंय. तिनं काही केलं असेल तर एवढंच केलं होतं. हात.

आम्ही तिला बेळगावला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि बाहेर येऊन नवऱ्याला विचारलं, इतके दिवस काय करत होता? उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होईल. डाव्यातला मोतीबिंदू पिकून आत दाब वाढला, नस गेली, त्यात आता काही उरलं नाही. दिवाळीच्या सुमाराला आणलं असतं तर वाचला असता. नवरा काय सांगणार? साहेब, आमच्या गाडीचा पट्टा ढिला होता, म्हणून सांगायचं?

ऑपरेशन झालं. दीड महिन्यानं चष्मा आणायला पुन्हा गेलो. त्या दिवशी सासूबाई न सांगता जीपमध्ये येऊन बसल्या होत्या, मागच्या सीटवर, रोजचे दहा प्रवासी दाटीनं बसायचे तिथं. पुढची जागा त्यांनी रिकामी ठेवली. थोरलीला चढवलं तेव्हा खाली उतरून मागून त्यांनी तिच्या कमरेला हात दिला. वाटेत दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. नऊ वर्षांचं बंद पडलेलं बोलणं किल्ली फिरवून थोडंच सुरू होतं.

बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा. तो लावून थोरली दुकानाबाहेर आली आणि सगळ्याकडं बघत सुटली. पाट्या, सायकली, नवऱ्याचं तोंड. ‘लई जाड झालास की रे,’ म्हणाली. सासूबाईंकडं बघून म्हणाली, ‘धाकटे, तू बी म्हातारी झालीस.’ सासूबाईंनी मान खाली घातली. मग ती पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसली आणि डॅशबोर्डाजवळ तोंड नेऊन, एका डोळ्यानं सगळ्या काचा बघायला लागली. वेगाचा काटा चाळीसवर होता.

‘त्यो दिवा कंचा गं?’ तिनं विचारलं.

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मग किल्ली अर्धी फिरवली. इंजिन सुरू न करता. डाव्या बाजूला तो लाल दिवा लागला.

थोरली आणखी वाकली. नाक जवळजवळ काचेला लागलं. बोट पुढं करून तिनं त्याच्यावर ठेवलं, बोटाच्या पेराखाली तो सगळा झाकला गेला. बोट काढलं, पुन्हा बघितलं. मग मागं वळून सासूबाईंकडं बघितलं, रागानं नाही, नुसतं विचारायला.

‘एवढासाच व्हय गं?’